कुठं जालालीस?

मंदाताई गायकवाड बसून वाचत नसत. दापोडीला रेल्वे फाटकाजवळच्या एका जुन्या इमारतीत त्यांचं घर होतं आणि घराबाहेर लांबलचक गॅलरी. हातात कागदांचा गठ्ठा घेऊन त्या गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत वाचायच्या. गाडी धडधडत जायची, खालून भंगारवाला ओरडायचा, शेजारच्या काकू वाळवणाची काळजी करायच्या, पण बाईंची नजर कागदावरून हलायची नाही. चालता चालता पाय थांबले की तिथे पेन्सिलीने एक फुली.

"माझे पाय थांबले म्हणजे तुझं लिखाण थांबलं, समजलीस? आता का थांबलं ते तू शोध. तो तुझा धंदा."

मी दारातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून त्यांच्या चपलांचा आवाज ऐकत असायचे. मूळची मी उतावीळ. भात शिजायच्या आत तीनदा झाकण काढणारी. चपला वाजत राहिल्या की जीव भांड्यात पडायचा आणि आवाज थांबला की मी खुर्चीच्या कडेला सरकायचे. कितीदा वाटायचं, उठावं, कागद ओढून घ्यावेत आणि विचारावं, आवडलं की नाही ते एकदाचं सांगा ना!

आमची ओळख झाली ती चिंचवडच्या एका साहित्य मेळाव्यात. मी चाकणला एका कंपनीत गाडीच्या वायरिंगच्या जुड्या तपासायचं काम करते. गाव लातूरकडचं, राहते भोसरीला, आईबरोबर. आमच्याकडच्या चार मुली चाकणला कंपनीत येतात आणि एका खोलीत राहतात, त्यांची कादंबरी मी शिफ्ट सांभाळून लिहिली होती. मेळाव्यात हात वर करून विचारलं, "प्रकाशकांना कादंबरी पाठवली, कुणी उत्तरच देत नाही. काय करावं?" व्यासपीठावरचे गृहस्थ प्रसन्न हसून म्हणाले, "लिहीत राहा." टाळ्या पडल्या. मला असा राग आला म्हणून सांगू! मागे भिंतीला टेकून उभी असलेली एक बाई मात्र फिसकन हसली.

चहाच्या वेळी तीच बाई समोर आली. साठीची, सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी. "अख्खं बाड पाठवलंस?"

"हो."

"सगळ्यांना एकदम?"

"हो."

"अगं, पोळ्या न लाटता कणकेची परातच पाठवलीस की! आधी एका पानात गोष्ट सांगायची. मग पहिली तीन प्रकरणं. आणि ती कुणाला द्यायची ते बघून. जो पाककृतींची पुस्तकं काढतो, तो तुझ्या चाकणच्या पोरींचं काय करणार?" मग पिशवीतून पाण्याची बाटली काढत म्हणाल्या, "मी एजंट आहे. लेखकांची."

मी पर्स काखेत घट्ट धरली. आमच्या पट्ट्यात एजंट म्हणजे कोण, हे काय मला सांगायला हवं? कंपनीत लावतो म्हणून पहिला पगार खाणारा, नाहीतर खोली दाखवायचे पैसे घेऊन फोन बंद करणारा. घरी आईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली.

"एजंटाच्या नादी लागलीस व्हय गं? किती पैसे मागलालीय ती?"

"काहीच नाही. पुस्तक विकलं गेलं तर त्यातला वाटा घेणार म्हणते. तोवर एक रुपया नाही."

"मग तर लईच पोचलेली हाय," आई म्हणाली.

मंदाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या गॅलरीचा कठडा धरून हसल्या. वडील कंपनीत कामगार, त्या स्वतः पुण्यात एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासण्यात म्हाताऱ्या झाल्या. तिथे त्यांनी पाहिलं, की मराठीत लेखक स्वतःच प्रकाशकाकडे चहाला जातो, भिडेपोटी कुठेही सही करतो आणि पुढे आयुष्यभर घरी कुरकुरतो. म्हणून निवृत्त झाल्यावर हे काम सुरू केलं. दारावर पाटी मात्र लावली नाही. एकदा लावली होती म्हणे, तर माणसं खोल्या विचारायला यायला लागली. "कुणी विचारलं तर मी तुझ्या ओळखीच्या मॅडम. एजंट हा शब्द जिन्यात काढायचा नाही," अशी मला सक्त ताकीद होती.

कादंबरीचं नाव होतं 'कुठं जालालीस?' आमच्याकडे 'कुठे चाललीस' ला असंच म्हणतात. पोरगी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचा अवकाश, आई विचारणारच. कादंबरीतल्या मुलींच्या आयाही रोज फोनवर हेच विचारतात. मंदाताईंना तो शब्द काही केल्या म्हणता यायचा नाही. पहिल्यांदा त्यांनी वाचलं, "कुठं जळालीस?"

"अहो ताई, जळालीस काय! जा-ला-लीस."

"जालीस."

"जालालीस!"

"जाऊ दे बाई, माझी जीभ दापोडीची आहे. पण शब्द सोडायचा नाही. मला म्हणता येत नाही म्हणजे काहीतरी आहे त्यात."

गठ्ठा परत मिळाला तेव्हा पानोपानी फुल्या. मी रडकुंडीला आले. कंपनीत तपासताना बाद मालाला आम्ही लाल टॅग लावतो आणि दुरुस्त होण्यासारख्याला पिवळा. ते मी त्यांना कधीतरी सांगितलं होतं. त्यांनी डोळे वटारून विचारलं, "रडतेस कशाला? लाल लावलाय का मी? पिवळा आहे. जा, रिवर्क कर." मी केलं. परत फुल्या आल्या, परत केलं. अधूनमधून इतकी चिडायचे की त्यांचा फोन उचलायचे नाही. त्या मग आईच्या फोनवर फोन करायच्या आणि दोघी माझ्याविषयी बोलत बसायच्या.

शेवटी तीन प्रकरणं पुण्याला पेठेतल्या एका मोठ्या प्रकाशकाकडे गेली. मला ताकीद मिळाली, "तू फोन करायचा नाहीस. फोन करायला मी आहे. तू दुसरं काहीतरी लिहायला घे." लिहायला घे! इथे जेवण जात नव्हतं. लाइनवर वायरी तपासताना खिशात फोन थरथरल्याचा भास व्हायचा. बसमध्ये बसले की वाटायचं उतरून दापोडीला जावं, आणि दापोडीला पोचले की त्या म्हणायच्या, "चालू आहे. चहा घे आणि जा."

एक दिवस प्रकाशकांनी बोलावलं. मी ठेवणीतली साडी नेसले. गृहस्थ फार सौजन्याने बोलले. कादंबरी उत्तम आहे, काढायची आहे, फक्त एक अडचण. "ही बोली वाचकाला जड जाते हो. आणि हे शीर्षक! छपाईची चूक वाटेल. आमच्याच ऑफिसात दोघांनी 'जळालीस' वाचलं. सरळ 'कुठे चाललीस' करू. संवाद आमच्या संपादिका नीट करतील. काय फरक पडतो?" मग मंदाताईंकडे बघून म्हणाले, "तुम्ही बसा ना."

"नको. उभ्याने बोललं की उठायला वेळ लागत नाही," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "पुस्तक तुझं आहे. तू सांग. जे सांगशील ते मी पुढे नेईन."

माझ्या तोंडात 'हो' अगदी आलं होतं. खरंच आलं होतं. भिंतीवर त्यांची सगळी नावाजलेली पुस्तकं मांडलेली, त्यात माझं दिसत होतं मला. पण डोळ्यांसमोर आई आली. ती चौथी शिकलेली, अक्षरं लावत लावत वाचते. जन्मात पहिलं पुस्तक हातात घेणार ते लेकीचं, आणि त्यात तिची भाषा कुणीतरी नीट केलेली? मी म्हणाले, "सर, 'चाललीस' असं माझी आई मला कधी म्हणालीच नाही."

मंदाताईंनी पिशवी खांद्याला लावली, नमस्कार केला आणि निघाल्या.

जिन्यात मात्र माझा बांध फुटला. "तुम्ही एजंट ना? मग मधे पडून जमवायचं होतं की काहीतरी! आता कोण काढणार?"

त्या दोन पायऱ्या खाली उतरल्या होत्या, तिथेच थांबल्या. "हे बघ सुरेखा, होकार आणणारे खूप असतात. तू ज्याला नाही म्हणतेस ते मीही नाही म्हणायचं, एवढ्यासाठी मी आहे. आता मला एक उसाचा रस पाज."

त्यानंतरचे महिने आठवले तरी मला अजून धडकी भरते. किती ठिकाणांहून नकार आले ते त्यांनी मला कधी कळू दिलं नाही. विचारलं की तेच, "चालू आहे." त्यांचे गुडघे दुखायला लागले होते, धाप लागायची, तरी चालणं सुटलं नव्हतं. एकदा म्हणाल्या, "नकार आला की मी गॅलरीत जास्त चालते. शेजारच्या काकूंना सगळा हिशेब कळतो." मी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "अगं, हल्ली सारख्या फिरतच असतात."

आणि मग लातूरहून फोन आला. एका छोट्या प्रकाशन संस्थेच्या बाई होत्या. मंदाताईंनी लगेच मला कंपनीत फोन केला. "त्या बाईंनी नाव वाचलं आणि काय म्हणाल्या माहीत आहे? 'हे तर आमचं आहे!' एका दमात म्हणाल्या गं तो शब्द. मला हेवा वाटला."

करार त्यांनी गॅलरीत चालत मोठ्याने वाचला. 'सर्व हक्क' या शब्दांशी पाय थांबले. फुली. "नाटकाचं दार वेगळं, सिनेमाचं वेगळं, भाषांतराचं वेगळं, ऐकायच्या पुस्तकाचं वेगळं. एका सहीत सगळ्या घराच्या किल्ल्या द्यायच्या नसतात." लातूरच्या बाईंनी ते मान्य केलं. तेवढ्यात मुखपृष्ठाचा नमुना आला, त्यावर 'कुठं चाललीस?' चित्रकार पुण्याचा, त्याने चूक म्हणून आपल्या मनाने सुधारलं होतं! मंदाताई त्याला फोनवर जे बोलल्या, ते ऐकून काकूंनी वाळवण आत नेलं.

पुस्तक आलं. आईने हात पुसून ते मांडीवर घेतलं, बोट ठेवत ठेवत दोन पानं वाचली आणि एकदम ओरडली, "अगं, ही तर मीच बोललालाव की!" मग म्हणाली, चल, मला त्या बाईकडे ने. दापोडीच्या जिन्यात कुणीतरी विचारलं, कुणाकडे? तर माझ्या माउलीने ठणकावून सांगितलं, "गायकवाडबाईकडं. माझ्या लेकीची एजंट हाय ती!" झालं. दुसऱ्या दिवशी सकाळीच वरच्या मजल्यावरचा एक जण मेव्हण्यासाठी वन बीएचके विचारायला हजर. मंदाताई माझ्यावर भडकल्या, पण चार ठिकाणी फोन करून रावेतला फ्लॅट बघून दिलाच.

पुढच्या थंडीत त्यांनी अंथरूण धरलं. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, चालणं बंद. मंदाताईंचं चालणं बंद! मला तर ते ऐकवेना. मी दुसऱ्या शिफ्टच्या आधी दुपारी जायला लागले. नवी कादंबरी सुरू केली होती, तिचे कागद घेऊन. पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसले तर म्हणाल्या, "बसून काय वाचतेस? ऊठ. तू चाल, मी ऐकते." मग मी खाटेपासून खिडकीपर्यंत चालत वाचायचे. फुली घालायची असली की त्या चादरीवरचं बोट उचलायच्या. मी थांबायचे, पेन्सिलीने खूण करायचे आणि पुढे चालायचे.

त्या गेल्या तेव्हा मी कामावर होते. त्याच्या आदल्या दुपारी मात्र मी तिथेच होते. प्रकरण वाचून संपलं. त्यांचे डोळे मिटलेले, बोट बराच वेळ हललं नव्हतं. मला वाटलं, झोप लागली. नाशिक फाट्यावर कंपनीची बस यायची वेळ झालेली, माझा जीव नेहमीसारखा वर-खाली. मी कागद पिशवीत कोंबले, चपला हातात घेतल्या आणि चोरपावलांनी दाराशी गेले.

"कुठं जालालीस?"

मी गर्रकन वळले. त्यांनी डोळे उघडले नव्हते. पण शब्द अगदी स्वच्छ आला होता, माझी आई म्हणते तसा. सुधारायला मला काही जागाच नव्हती.

"बस की जरा," मंदाताई म्हणाल्या.

खालून फाटकाची घंटा वाजत होती. मी चपला खाली ठेवल्या.

"कुठंच नाही, ताई," म्हणाले आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसले.