तळघरातली जमीन

“आदी पायाला इचारा,” असं ते म्हणायचे. कुठल्याही खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायची, टाच दोनदा जमिनीवर दाबायची आणि मगच आत यायचं. मिरजेच्या ज्या दवाखान्यात मी सामानाचा कारकून होतो, तिथले ते सुतार. मूळचे कुंडलचे. लढाईत पाय गमावून आलेल्या शिपायांसाठी ते लाकडी पाय करत.

त्यांचं काम तळघरात चाले. खाली सिमेंटचा कोबा होता, गार आणि गुळगुळीत. नवा पाय बांधून पहिली पावलं टाकायची तीही तिथंच. एकदा एक शिपाई घसरला आणि त्याचं मनगट मोडलं. तेव्हा कोब्यावर दुसरं काहीतरी घालायचं ठरलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, “शहाबादी फरशी घालू. धुवायला सोपी.”

सुतारांनी एक फरशी मागवली, तिच्यावर पाणी शिंपडलं आणि डॉक्टरांच्या हाती कुबडी दिली. “टेकून बगा, सायेब.”

कुबडी सटकली. डॉक्टरांनी भिंत धरली आणि फरशीचा विषय सोडला.

मग ओल वर येऊ नये म्हणून सुतारांनी कोब्यावर डांबर फासलं, आडव्या पट्ट्या टाकल्या आणि वर सागवानी फळ्या ठोकल्या. माणसं त्यावर भराभर चालू लागली. “आता कोन पडायचा न्हाई,” ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून बढाई मी तेवढीच ऐकली.

वडूजकडचा एक हवालदार महिनाभर त्या फळ्यांवर चालला आणि कुबड्या आमच्याकडेच टाकून घरी गेला. पंधरा दिवसांनी आला तो उसन्या कुबड्यांवर. सुतारांनी त्याचा लाकडी पाय उलटसुलट करून पाहिला. पाय शाबूत होता.

“कुटं पडलास?”

“घरात, मामा. पोरांच्या म्होरं. आमची सारवल्याली जमीन, खालवर हाय, लाकूड रुततं. फळ्या कुटनं आणू?”

सुतारांनी तो पाय खाली ठेवला. मग म्हणाले, “चूक माजी हाय, गड्या. हितल्या जमिनीवर चालाय शिकिवलं तुला. तुज्या न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तर अर्ध्या फळ्या निघाल्या होत्या. तिथं मुरूम आणि पांढरी माती टाकून ते स्वतः चोपत बसले होते. शेजारी शेणाची पाटी.

“दवाखान्यात शेण? डॉक्टरांना काय सांगू?”

“सांगा, ह्यांची घरं अशीच हायत.”

डॉक्टर येऊन बघून गेले. त्यांनी हरकत घेतली नाही. हवालदार त्या मातीवर आणखी महिनाभर चालला, चारदा पडला आणि एका सकाळी आपल्या पायांनी स्टेशनावर गेला.

पुढच्या वर्षी सुतार गावी गेले आणि हिवतापानं तिथंच वारले. शिपाईही हळूहळू यायचे थांबले. सुतारांमागं ती माती कुणी सारवली नाही. अखेर तळघर औषधांच्या खोक्यांसाठी द्यायचं ठरलं आणि मी गवंड्याला घेऊन खाली उतरलो. मातीवर खुणा वाळून राहिल्या होत्या. एक उघडं पाऊल, एक लाकडाचा गोल ठसा, पुन्हा पाऊल, पुन्हा ठसा, थेट दारापर्यंत.

“सपाट करू न्हवं?” गवंड्यानं विचारलं.

“कर,” मी म्हणालो आणि त्यानं हत्यार उचलायच्या आत वर निघून आलो.