तिची दोन लिंबं

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या शारजाच्या घरी मेथी निवडत बसले होते. त्या माझ्या विहीणबाई, सुनेची आई, राहायला पुण्यात. अनघानं फोन ठेवला, भिंतीला टेकून खाली बसली आणि रडतच म्हणाली, "मम्मी गेली." मी मेथी बाजूला केली, तिचं डोकं मांडीवर घेतलं. खरं सांगते, तेव्हासुद्धा माझ्या मनात आलं... माझ्यासाठी ही अशी रडेल का?

मी चौथीपर्यंत शिकलेली. मालक गेले तेव्हा महेश रांगत होता. लोकांकडे पोळ्या लाटून त्याला वाढवला. शैलाताई बँकेतल्या. त्यांचे मिस्टर पेन्शन घेऊन, नातवंडं खेळवून मग गेले. दर हिवाळ्यात त्या आमच्याकडे यायच्या, आणि आल्या की घर त्यांचंच व्हायचं. मुलं शाळेतून आली की दारातूनच "नानी". मी आपली डबे घासायला घ्यायची.

मागच्या हिवाळ्यात महेशनं जुनी कॅरॅव्हॅन घ्यायचं काढलं. म्हणजे चाकांवरची खोलीच, आत पलंग, शेगडी, बेसिन. आमच्या छोट्या गाडीला ती ओढवायची नाही, म्हणून एक जुनी दणकट जीपही घ्यायची होती. रास अल खैमाला एका पठाणाच्या यार्डात दोन्ही मिळत होत्या, त्या बघायला आम्ही सगळे गेलो. महेशनं आधी मला विचारलं, "आई, काय म्हणतेस?" मी म्हटलं, "घरात झोपायला जागा आहे की."

शैलाताई तोवर आत जाऊन पलंगावर आडव्या झाल्या होत्या. "अहो ताई, माझ्या लग्नातला पलंग याहून लहान होता." महेशनं दिरहॅममधली किंमत सांगितली आणि सवयीनं त्याचे रुपये करायला लागला, तर म्हणाल्या, "महेशराव, रुपये करू नका. रुपये केले की माणूस घरीच बसतं." तो मोठ्यांदा हसला. माझ्या बोलण्यावर तो असा कधी हसल्याचं मला आठवत नाही.

गाड्या ताब्यात घ्यायच्या दिवशी पूजेची तयारी मी केली होती. नारळ, कुंकू, चाकांखाली ठेवायला चार लिंबं. ती जीपला लावली आणि मागे सरले. शैलाताई म्हणाल्या, "हिलाही चाकं आहेत हो, ताई." मी कॅरॅव्हॅन हिशोबात धरलीच नव्हती. त्यांनी पर्समधून दोन लिंबं काढली. मग अनघाच्या हातातलं ताट घेतलं, दोन्ही गाड्यांना कुंकू लावलं, माझ्या महेशला ओवाळलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पठाण म्हणाला, "अम्मा, यल्ला, चलो, नारियल फोडो," तर नारळही त्यांनीच फोडला.

मी बघत राहिले. महेशच्या मुंजीत मी आतल्या खोलीत बसले होते. लग्नातही मागेच. आणि ही माझ्यासारखीच, कपाळ मोकळं असलेली बाई...

पहिल्याच सहलीला समुद्राकाठी गाडी लावली. खिडकीजवळची जागा मुलांनी नानीला दिली, "नानी, यू टेक द विंडो." मला बेसिनजवळचा बाक. सकाळी आम्ही दोघीच जाग्या होतो. त्या चहा करत म्हणाल्या, "तुम्ही का नाही ओवाळलंत महेशरावांना?"

"आमच्यात चालत नाही."

"कोणी सांगितलं?"

मी आठवायला लागले. सासूबाई गेल्या, आत्या गेल्या, नणंद गेली. सांगणारं कोणीच उरलं नव्हतं. शैलाताईंनी मला साखर किती ते विचारलं. मला मात्र तो चहा गेला नाही. एवढी वर्षं मी जे ओढलं, ते या बाईनं दोन शब्दांत खाली ठेवलं होतं.

परवा दसरा झाला. गाड्यांची पूजा होती. अनघानं ताट माझ्यापुढे धरलं. "आई, तुम्ही करा." महेश समोर येऊन उभा राहिला. मी ओवाळलं. लिंबं सहा आणली होती.

मग कॅरॅव्हॅनच्या दाराशी गेले. वर चौकटीला शैलाताईंनी लावलेलं कुंकवाचं बोट अजून होतं, उन्हानं विटून तपकिरी झालेलं. त्या उंच होत्या. मी टाचा वर केल्या, तरी पोचले नाही. महेश म्हणाला, "आई, स्टूल देऊ?"

"नको," म्हटलं.

त्यांच्या बोटाखाली, वीतभर अंतरावर, मी माझं लावलं. तिथेही त्याच वर.