कोच म्हणजे डबा

लेकीचं खेळणं संपलं त्या दिवशी मी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. तेही सदर बाजारातून आणलेले, चांगल्या खव्याचे. आता लेकाच्या पोरांसमोर मी मोठी शहाणी म्हणून मिरवते, पण तेव्हाची ती बाई आज भेटली तर तिचा हात धरून म्हणेन, अवो, आधी विचार तरी.

घोटाळा एका शब्दाचा होता. आमचं घर रेल्वेचं. यांनी उभी नोकरी डबे दुरुस्तीच्या शेडमध्ये काढली. आमच्याकडे कोच म्हणजे डबा. स्लीपर कोच, जनरल कोच, धुवायला आलेला कोच. माणूसही कोच असतो हे मला ठाऊक नव्हतं, आणि सांगणारे हे आदल्या वर्षीच गेले होते.

लेक फुटबॉल खेळायची. स्ट्रायकर, म्हणजे पुढे राहून गोल मारणारी. एवढं कळलं तेही यांच्यामुळे. तिच्या सगळ्या मॅच हे बघून यायचे आणि जेवताना वाट्या सरकवून मला गोल दाखवायचे. एकदा वरणाची वाटी मिठाच्या डबीला चकवून थेट माझ्या मांडीवर आली, तोच म्हणे जिंकवणारा गोल. मी मात्र मैदानावर कधी गेले नाही. अर्ध्या चड्डीत धावणारी आपली पोट्टी चार लोकांत कशी पाहायची, असं त्या शहाण्या बाईला वाटायचं. त्याच चड्डीने पोरीला खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत चिकटवलं, तेव्हा तीच बाई कॉलनीभर सांगत हिंडली.

मग गुडघा गेला. गोलकीपर अंगावर आली आणि आत काहीतरी तुटलं. ऑपरेशन झालं, पोरगी पुन्हा उतरली, पुन्हा तोच गुडघा. दुसऱ्या ऑपरेशननंतर ती भिंतीला पाठ लावून दात आवळून पाय उचलायची. येत्या स्पर्धेच्या संघात परत यायचं, याशिवाय तिच्या तोंडी दुसरं काही नसायचं.

एका दुपारी ऑफिसातून आली आणि चप्पल न काढताच म्हणाली, "आई, मले आता कोचचं काम देऊन राहिले."

"सावलीत बसाचं आहे न?" मी विचारलं.

"हव," म्हणाली, आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

मला वाटलं, बापाच्या शेडमध्ये लागली. डोक्यावर पंखा, बसायला खुर्ची, गुडघा वाचला, आता स्थळंही येतील. दार लावलं, तर थकली असेल. मी पिशवी घेऊन निघालेसुद्धा.

शेजारणीचा नवरा लेकीच्याच ऑफिसात. पेढा तोंडात टाकत तिने विचारलं, "किस बात का है, आंटी?"

"अवो, पोट्टीले कोचमधी लावलं. आता डबे पाहीन बसून."

तिचं चावणं थांबलं. "डब्बे नहीं, आंटी. दूसरी लड़कियों को सिखाएगी. उसका खुद का खेलना बंद हो गया. टीम से नाम कट गया आज."

हातातला अर्धा पेढा कुठे ठेवावा हे तिला कळेना. शेवटी तिने तो माझ्याच तळहातावर ठेवला.

घरी आले तर लेक ओट्याशी पाणी पीत उभी होती. आमच्या क्वार्टरच्या भिंती पातळ.

"डबे पाहीन म्हणे," ती म्हणाली. हसली नाही.

तेव्हापासून ती भनपुरीकडच्या एका मैदानावर मुलींना शिकवते. सुरुवातीला तोंडाने सांगायचं ते पायाने करून दाखवायची आणि गुडघा सुजवून घरी यायची. ते कोणाला सांगायचं नाही, हे मला डोळ्यांनीच बजावायची. आता जिना उतरताना ती माझ्यासारखीच एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवते. मी म्हातारी आहे, तिची चाळिशी आत्ता आली. एखादी मुलगी पडून पाय धरून बसली, की त्या दिवशी ती जेवत नाही. मुली जिंकल्या तरी घरी फार बोलत नाही.

इतकी वर्षं तिथे जायला मला तोंड नव्हतं. परवा तिच्या मुलींची फायनल होती. मी पंडरीच्या कापडबाजारातली नवी साडी नेसून दारात उभी राहिले आणि म्हणाले, "मी येऊ का वो, मॅच पाहाले?"

तिने स्कूटर पुसणं थांबवलं. माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं.

"चाल न. पण आता काय पाहशील, आई? पळून राहिल्या त्या दुसऱ्यायच्या पोट्ट्या आहेत."