उस्तादची तिरकी खाच

आमच्या रस्त्यावर 'उस्ताद चावीवाले' आहेत, पुलापलीकडे 'उस्ताद चावी सेंटर' आहे आणि बाजारात 'उस्ताद फुटवेअर'ही आहे, ज्याचा या दोघांशी काडीचा संबंध नाही. चाव्यांची दोन्ही दुकानं मात्र एकाच म्हाताऱ्या कारागिराच्या दोन शिष्यांची. त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो गेल्यावर दोघांनीही त्याचंच नाव पाटीवर लावलं आणि त्यावरूनच एकमेकांशी बोलणं टाकलं.

माझं घड्याळदुरुस्तीचं टेबल आमच्या चावीवाल्याला लागून आहे. त्यामुळे पलीकडच्याला त्यानं वाहिलेली लाखोली मला तोंडपाठ. गिऱ्हाईक चुकून तिकडे गेलं की हा दिवसभर धुसफुसायचा. तो कामचुकार आहे, त्यानं उस्तादचं नाव बुडवलं, वगैरे. मीही आपला मान डोलवायचो.

उस्तादची शिस्त मात्र दोघांनी पाळली होती. बनवलेल्या प्रत्येक चावीच्या डोक्यावर कानशीनं एक तिरकी खाच मारायची. आणि समोर कुलूप किंवा मूळ चावी असल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही.

एका सोमवारी कळलं की, एका निवृत्त शिक्षिकेच्या घरात कुणीतरी चावीनं दार उघडून शिरलं. बाईंना ढकललं, त्या दवाखान्यात आहेत. चावी दारातच राहिली आणि तिच्यावर तिरकी खाच आहे. चावीवाला पांढराफटक पडला. दुपारी शटर अर्धं ओढून त्यानं मला सांगितलं. महिन्यापूर्वी एक माणूस साबणाच्या वडीवर चावीचा ठसा घेऊन आला होता. भाऊ आईला भेटू देत नाही, चावी स्वतःकडेच ठेवतो, म्हणून रडला. यानं चावी करून दिली.

"एकदाच केलं हो," तो म्हणाला. "बायकोलाही बोललो नाही."

पुढचे तीन दिवस त्याचा जीव टांगणीला होता. बूट वाजले की कानस हातातून निसटायची. डबा तसाच परत जायचा. ती चावी पलीकडच्याची निघू दे, एवढंच तो घोकत होता. आणि लाज वाटते सांगायला, मलाही तेच हवं होतं.

गुरुवारी हवालदार आला. पिशवीतली चावी त्यानं काउंटरवर ठेवली. उजव्या हातानं मारलेली खाच एकीकडे कलते, डाव्या हातानं मारलेली दुसरीकडे. त्या धंद्यातल्या कुणालाही हे दिसतं. आमचा चावीवाला डावखुरा, पलीकडचा उजवा. मी भिंग उचललंच नाही. त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला तेवढं पुरे होतं.

हवालदार कंटाळला होता. सकाळी पुलापलीकडे जाऊन आलो, म्हणाला.

"त्यांनी बराच वेळ चावी निरखली. मग म्हणाले, माझी धरा. तिकडचा माणूस असलं काम करायचा नाही. तुम्ही फक्त तुमची नाही म्हणून सही करा."

चावीवाल्यानं डाव्या हातात पेन घेतलं. चावीकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"त्याला सोडा, साहेब. माझी आहे ती."

त्यानं शटर ओढलं. घरी मी निरोप द्यावा, असं तो म्हणाला. हवालदाराबरोबर निघताना पुन्हा वळला.

"आणि पुलापलीकडेही," तो म्हणाला.