तवंदीच्या उतारावर बंद पडलेली गाडी

गाडी पहिल्यांदा बंद पडली ती बेळगावहून निपाणीला जाताना, काकती मागं टाकून हत्तरगीच्या अलीकडे, हायवेवर, भर दुपारी. ना धूर, ना धक्का. आप्पा शेजारच्या सीटवर डोळ्याला पट्टी लावून बसले होते आणि डॉक्टर काय म्हणाले ते मी त्यांना परत एकदा सांगत होते. बोलता बोलता जाणवलं, माझाच आवाज फार मोठा येतोय. इंजिन बंद झालं होतं. डॅशबोर्डवरचे सगळे लाल दिवे लागले. मी घाबरून क्लच दाबला, तसं स्टीअरिंग जड झालं आणि ब्रेक तर दगडावर पाय ठेवल्यासारखा. मागच्या ट्रकनं हॉर्न धरला. कशीबशी गाडी डावीकडे मातीत उतरवली.

"काय झालं गं?" आप्पांनी विचारलं.

"बंद पडली."

"परत मार की."

परत मारली. स्टार्टर नुसता फिरत राहिला. आम्ही उतरून रस्त्याकडेच्या टपरीवर बसलो, चहा घेतला, ऊन जरा कललं आणि मी सहज किल्ली फिरवली, तर गाडी पहिल्या फटक्यात चालू. काही झालंच नाही अशी निपाणीपर्यंत गेली.

आप्पा म्हणजे माझे वडील. सगळं आयुष्य सरकारी बसचे ड्रायव्हर. निपाणी-बेळगाव हा रस्ता दोन पदरी होता तेव्हापासून त्यांच्या पायाखालचा. निवृत्तीनंतर साखरेनं त्यांचे डोळे धरले. उजव्यानं जवळजवळ दिसेनासं झालं, डावा वाचवायचा तर दर महिन्याला त्यात इंजेक्शन घ्यायला हवं होतं आणि ती सोय बेळगावात. मी बेळगावला कॅम्पात राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते. नवरा फौजेत, त्याची बदली तेव्हा पार उत्तरेला. मुलगी शिकायला धारवाडला. म्हणजे शुक्रवारी शाळा सुटली की मी निपाणीला जायचं, आप्पांना घेऊन यायचं, शनिवारी सकाळी इंजेक्शन, आणि दुपारी परत निपाणी. आईला गुडघ्यांमुळं हलता येत नव्हतं, म्हणून आप्पा माझ्याकडे दुसरी रात्र राहायला तयार नसत. बसनं नेलं असतं, पण इंजेक्शननंतर धुळीतून आणि गर्दीतून न्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

गाडी आम्ही कॅम्पातल्याच एका निवृत्त फौजीकडून घेतली होती. तेव्हाच ती बरीच जुनी होती, पण सीटवर डाग नव्हता आणि रंगही चांगला राखलेला. नवरा म्हणाला होता, "फौजी माणूस गाडी पोराबाळासारखी सांभाळतो." सांभाळली असेलही. पण गाडीचंही वय होतं.

निपाणीतल्या मेकॅनिकनं गाडी दोन दिवस ठेवून घेतली. त्याच्याकडे ती एकदाही बंद पडली नाही. "आक्का, पेट्रोलचा पंप गेलाय बहुतेक," तो म्हणाला. आप्पांनीही मान डोलावली. "व्हय, पंपच. आवाज ऐकला न्हाईस व्हय? मी म्हटलंच हुतं." पंप बदलला. पुढच्या महिन्यात संकेश्वरजवळ गाडी तशीच, बोलता बोलता गेली.

मग बेळगावातल्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथं त्यांनी संगणक लावला, प्लग बदलले, कॉइल बदलली, वायरी साफ केल्या. पावती हातात आली तेव्हा मी ती लगेच घडी करून पर्समध्ये टाकली. मुलीच्या पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्यातलं बरंचसं त्यात गेलं. गाडी धुऊन, पुसून, चकचकीत करून दिली होती. आठवडाभर कॅम्पातून शाळा, शाळेतून बाजार, छान चालली. आणि आप्पांना आणायला निघाले त्याच शुक्रवारी वंटमुरीच्या चढावर बंद पडली.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "विकून टाक." विकायला माझी ना नव्हती. पण अशी गाडी कुणाच्या गळ्यात बांधायची? आणि विकल्यावर आप्पांना कशातून न्यायचं? दोनदा भाड्याची गाडी केली. तिसऱ्यांदा करायची ताकद नव्हती.

त्या दिवसांत माझं सगळं लक्ष कानात गोळा झालं होतं. गाडी चालवताना मी रेडिओ लावणं सोडलं, काचा खाली ठेवू लागले, म्हणजे इंजिनाचा आवाज ऐकू येईल. वर्गात शिकवताना पंखा थांबला तरी मी बोलता बोलता थांबायचे. वीज गेलेली असायची, एवढंच. मुली माझ्याकडे बघत राहायच्या आणि मी फळ्याला धरून उभी. गुरुवारपासूनच जेवण जायचं नाही. पुढं ट्रक असला की वाटायचं, आता बंद पडली तर मागचा आपल्याला त्याच्यावर घालणार. मागं ट्रक असला की त्याची भीती वेगळीच. रस्ता मोकळा असला तरी बरं वाटायचं नाही, कारण मग वाटायचं, इथं पडली तर मदतीला कोण येणार.

मग एका शुक्रवारी मी निपाणीला पोचले तर आप्पा तयारच झाले नव्हते. लुंगीवर बसून होते.

"मी येत न्हाय."

"का हो आप्पा?"

"पाय दुखत्यात. फुडल्या म्हयन्यात बघू."

मी समजावलं, रागावले, काही उपयोग झाला नाही. आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "पाय-बिय काय दुखत न्हाईत त्यांचं. गाडीला घाबरत्यात. काल झोपेत ब्रेक ब्रेक म्हणत हुतं." मला आधी ते खरंच वाटलं नाही. घाटात ट्रकची रांग लागली तरी शीळ घालत बस चालवणारा माणूस म्हणून आमच्या गल्लीत त्यांची ओळख होती. लहानपणी मी इंजिनाजवळच्या सीटवर बसून त्यांच्याबरोबर कितीदा तरी गेले होते, आणि त्यांच्या मागं बसलं की आपल्याला काही होणार नाही असं मला पक्कं वाटायचं.

तो महिना चुकला. त्याचा परिणाम लगेच दिसला. डाव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले, आणि एकदा त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेबाहेर ठेवला. कप फुटला. त्यानंतर पुढच्या वेळी ते आपणहून गाडीत येऊन बसले.

इंजेक्शन नीट झालं. दवाखान्यातली नर्स दर वेळी "बर्री अज्जा", या आजोबा, म्हणत त्यांचा हात धरून आत न्यायची आणि ते तिच्याशी कानडीत घरच्या गप्पा मारत बाहेर यायचे. त्या दिवशी मात्र गप्पच आले. आम्ही निघालो तेव्हा ऊन रणरणत होतं. हत्तरगी गेलं, संकेश्वर गेलं. माझ्या मनात आशा यायला लागली होती. तवंदी घाटाच्या माथ्यावर आलो, उतार सुरू झाला, खाली निपाणीकडची सपाटी दिसायला लागली. मागं पोत्यांनी भरलेला ट्रक होता. आरशात त्याचा दर्शनी भाग तेवढा दिसत होता, इतका जवळ.

दुसऱ्या वळणाला इंजिन गेलं.

ती शांतता मी विसरणार नाही. टायरचा आवाज आणि वारा, बाकी काही नाही. माझा पाय आपोआप क्लचवर गेला. गाडी मोकळी सुटली. उतारानं तिला ओढून घेतलं. मी ब्रेक दाबला, एकदा लागला, पुन्हा दाबला तर पाय खाली जाईना. स्टीअरिंग दोन्ही हातांनी ओढत होते आणि वळण माझ्याकडे धावत येत होतं. माझ्या तोंडून "आई" एवढंच निघालं.

"क्लच सोड!" आप्पा ओरडले. "क्लच सोड आधी!"

मला कळेना. क्लच सोडला तर काय होईल?

"सोड गं! गिअरात ऱ्हाऊ दे तिला!"

मी पाय उचलला. गाडीनं आचका दिला, पुढं झुकल्यासारखी झाली, आणि तिचा वेग कुणीतरी मागून धरल्यासारखा कमी झाला. चाकं इंजिनाला फिरवत होती. स्टीअरिंग हलकं झालं. ब्रेकमध्ये पुन्हा जीव आला.

"आता ब्रेक. एकदाच दाब, सोडू नको. मारू नको त्याला सारखा. डावीकडं घे. दिवं लाव." पट्टी बांधलेला डोळा आणि जवळजवळ न दिसणारा दुसरा, समोरचं त्यांना काय दिसत होतं देव जाणे. "डाव्या बाजूला रुंद जागा हाय बघ फुडं. हाय का?"

"आहे."

"तितं घाल."

ट्रक हॉर्न वाजवत अगदी खेटून गेला. त्याच्या वाऱ्यानं गाडी हलली. आम्ही त्या रुंद जागेत, डोंगराच्या कडेला थांबलो. मी हॅन्डब्रेक ओढला, तरी ब्रेकवरचा पाय काढायची हिंमत होईना.

मग माझं लक्ष आप्पांच्या हातांकडे गेलं. मांडीवर ठेवलेला एक हात ते दुसऱ्या हातानं दाबून धरत होते.

"आप्पा, तुम्ही होता म्हणून," मी म्हणायला लागले.

"गप." मग म्हणाले, "लई भ्या वाटलं."

"तुम्हाला?"

"मला न्हाय तर कुणाला? या घाटात मला कवाबी भ्या वाटायचं. रोज. माथ्यावर आलो की पोटात गोळा. मागं पन्नास-साठ माणसं बसल्याली. शीळ घालायचो ती त्यापायीच. तोंड गप बसलं की दात वाजायचं." एवढं बोलून त्यांनी खिशातला रुमाल काढून मान पुसली. "तुझ्या आईला सांगू नको. तिला वाटतंय, मी लई धाडसाचा."

लहानपणी त्या सीटवर मी किती निर्धास्त बसले होते, आणि तो माणूस पुढं बसून दात वाजू नयेत म्हणून शीळ घालत होता. भीती कमी झाली नाही. पण एकटीची राहिली नाही.

निपाणी जवळच होती, म्हणून मी मेकॅनिकला फोन केला आणि तो मोटरसायकलवरून लगेच आला. आजवर कुणीही येईपर्यंत गाडी थंड होऊन चालू व्हायची. या वेळी तो आला तेव्हा बोनेटला हात लावता येत नव्हता आणि गाडी बंदच होती. त्यानं प्लगची वायर काढून बघितली. ठिणगी नव्हती. मग गाडीखाली सरकून बराच वेळ काहीतरी चाचपलं, माझ्याकडची पाण्याची बाटली मागून घेतली आणि इंजिनाच्या खालच्या अंगाला एका जागी थोडं थोडं पाणी ओतलं.

"आता मारा, आक्का."

गाडी चालू झाली.

तो बाहेर आला, कपडे झटकत राहिला, माझ्याकडे बघेना. "ठिणगी कवा टाकायची ते सांगणारा सेन्सर हाय त्यो. तापला की मरतोय, निवला की चालू. मीच पंप बदलला की हो गेल्या वेळी. चांगलाच हुता त्यो पंप."

"मीबी पंपच म्हटलं हुतं," आप्पा गाडीतूनच म्हणाले.

त्याच्या गॅरेजात गेल्यावर त्यानं तो बदलला. सेन्सर अंगठ्याएवढा निघाला. आधीच्या सगळ्या दुरुस्त्यांपुढं त्याची किंमत ऐकून मला हसू आलं, मग रडू. मेकॅनिकनं मजुरी घेतली नाही. मी त्याला विचारलं, "आता परत बंद नाही ना पडणार?" तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, "याच्यानं न्हाय पडणार. बाकीचं कसं सांगू? जुनी गाडी हाय."

घरी पोचलो तेव्हा आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. "येळ का झाला?"

"टायर पंचर झालं," आप्पा म्हणाले आणि आत गेले. मी मान डोलावली.

त्यानंतर आजपर्यंत गाडी रस्त्यात बंद पडलेली नाही. आप्पांचा डावा डोळा राहिलाय. पेपरातले मोठे मथळे ते वाचतात, माणूस जवळ आला की ओळखतात. इंजेक्शनं आता दर महिन्याला लागत नाहीत. मुलीची फी नवऱ्यानं कर्ज काढून भरली, ते अजून फिटतंय, आणि गाडी बदलायचा विषय त्यामुळं पुढं गेलाय. मला मात्र निपाणीला जायचं असलं की अजून गुरुवारपासूनच जेवण जात नाही. क्लच सोड, क्लच सोड, असं मी रिकाम्या रस्त्यावरही मनात म्हणत असते.

तवंदीच्या माथ्यावर आलो की आप्पा मला गाडी बाजूला घ्यायला सांगतात. मागचे ट्रक पुढं जाऊ देतात. मग विचारतात, "निघायचं का?" मी कधी "हो" म्हणते, कधी "जरा थांबू" म्हणते. थांबू म्हटलं तर ते का म्हणून विचारत नाहीत. दाराच्या वरचं हॅन्डल धरून, सीटला पाठ टेकवून बसून राहतात.