समुद्रासाठी हातभर मार्जिन

चहा आधी संपवा, म्हणजे हसताना सांडणार नाही. माझी फजिती आहे, आणि तीही एका जहाजासमोर झालेली. माळव्यातल्या देवासच्या माणसाचा जहाजाशी काय संबंध? हेच मी तेव्हा स्वतःला विचारायला हवं होतं!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अतिथंड वायूच्या टाक्या बनवणाऱ्या देवासच्या एका कारखान्यात मी इंजिनियर होतो. द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी जहाजं येणार, अशी तेव्हा हवा होती. कोकणातल्या एका बंदराने आम्हाला विचारलं, अशा जहाजांत इंधन भरायची सोय कशी करायची? प्लान द्या. आमचे मालक चौहानसाहेब मला म्हणाले, "भिया, ये काम मिल गया तो नया डिपार्टमेंट, और उसके हेड तुम!"

झालं! सासरेबुवांनी धारला पेढेसुद्धा वाटून टाकले.

बंदरावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. सकाळी धक्क्यावर उभा राहून तिथल्या एका जहाजाच्या डेकची उंची टेपने मोजली, तासाभरात काम उरकलं आणि परतीची बस धरली. हो, एकदाच मोजली! पाणी म्हणजे आमच्या गावच्या मीठा तालाबासारखं, ठेवलं तिथे राहणार, अशी माझी खात्री होती.

टाकीपासून जहाजापर्यंत सरळ, जाड, पक्का पाइप काढला. चौहानसाहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "और गर्मी में पानी उतरेगा तब?"

"रखा है ना साहब, हाथभर मार्जिन!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे कौतुकाने पाहिलं.

हसू नका हो. भरती-ओहोटी मला माहीत नव्हती असं नाही. हिंदी शाळेत 'ज्वार-भाटा' घोकून पूर्ण गुण घेतले होते. पण माझ्या डोक्यात ती किनाऱ्यावरच्या वाळूची गोष्ट होती. एवढं अवजड जहाज तिच्यासोबत वर-खाली होईल, असं पुस्तकात कुठे लिहिलं होतं?

प्लान सादर करायला पुन्हा बंदरावर जायचा दिवस आला. समोर बंदराचे कप्तान सावंत आणि त्यांची माणसं. सकाळचं बोलणं झकास झालं. खिडकीबाहेर तसलंच जहाज उभं होतं, डेक अगदी माझ्या नकाशातल्या उंचीवर. जेवणानंतर पाइपाबद्दल सांगायला उठलो, सहज बाहेर पाहिलं, तर काय! जहाज चांगलं पुरुषभर खाली गेलेलं!

"कप्तानसाहेब, जहाज बुडतंय!" मी ओरडलो. "अहो, उठा! माणसं आहेत त्यावर!" आणि दारापर्यंत धावलोसुद्धा.

कोणी जागचं हललं नाही.

"बसा हो," कप्तान म्हणाले. "ओहोटी आहे. रोज दोनदा बुडतं ते."

सगळे खो खो हसले. मग कप्तानांनी नकाशा पुढे ओढला आणि त्यांचा चेहरा बदलला. "आणि हा पाइप? हा कसा खाली येणार?"

मी नकाशाकडे पाहिलं: सरळ, जाड, पक्का पाइप. तो वायू इतका थंड, की साध्या पोलादावर सांडला तर पोलाद तडकतं. जहाजात इंधन भरताना ओहोटी लागून पाइप तुटला असता तर धक्क्यावरच्या माणसांचं काय झालं असतं? आपल्या गावच्या तळ्यावरून आपण सगळ्या जगाचं पाणी ठरवतो, आणि टेप बरोबर होती म्हणून शंकाही येत नाही. मला तरी आली नव्हती.

ते काम आमच्या हातून गेलं, आणि माझी हेडची खुर्चीही. वाईट वाटलं, फार वाटलं. पण खरी फजिती तर निघतानाची.

कप्तानांनी नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि पाठीवर थोपटून म्हणाले, "प्लान वाईट नाही हो. समुद्र तेवढा देवासला न्यावा लागेल."

आणि मी, एवढं सगळं होऊनही, मान हलवून म्हणालो, "हो सर. आमच्या साहेबांना विचारून कळवतो."