एनेलेसीची खूण

मिचेरे गावात कुणाकडे अनोळखी पाहुणा आला, की तो कशासाठी आला असेल हे लोक माई एनेलेसीला विचारायचे. तिला ठाऊक नसलं तरी तिच्याकडे अंदाज तयार असायचा, आणि तो अंदाज सहसा चांगला नसायचा.

ती जन्मापासून अशी नव्हती. लग्न होऊन ती शिरे नदीच्या पलीकडे गेली, तिथे बावीस वर्षं नांदली, तीन शेळ्यांच्या चौदा केल्या. नवरा तापाने गेला. दफनाच्या दिवशी नणंद तिच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होती आणि रडता रडता तिच्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या कापडाला बांधलेली घराची किल्ली सोडवत होती. एनेलेसीला वाटलं, बिचारी आधारासाठी चाचपडतेय. दफनाहून माणसं परतली तोवर दिरांनी घराचे पत्रेसुद्धा उतरवले होते. शेळ्यांचं तर नावच नको. एका टोपलीत दोन पातेली घेऊन ती भावाच्या गावी, मिचेरेला आली. तेव्हापासून कुणी जवळ येऊन गोड बोललं, की तिचा हात आपोआप कमरेकडे जायचा.

म्हणूनच गावचे मुखिया गास्तेनी यांनी हापशाची राखण तिच्याकडे दिली. "हिला कुणी फसवू शकत नाही," ते म्हणाले. हापशाभोवती काट्यांचं कुंपण होतं. पाणी कधी सुरू, कधी बंद, कुणाची पाळी, कुणी दांडा आपटला, सगळं एनेलेसी ठरवायची. हापसा बिघडला की बाजाराच्या गावाहून फोस्तिनो यायचा. तो आला की आधी कोंबडी कापावी लागे. मग तो मक्याच्या पिठाच्या न्सिमाचा शेवटचा घास निपटून, हात धुऊन, हापशाकडे बघून मान हलवायचा. "फार खोल दुखणं आहे," म्हणायचा. एनेलेसीचा त्याच्यावरही भरवसा नव्हता, पण त्याला काय हवंय हे तरी तिला माहीत होतं.

मलिताचं तसं नव्हतं.

ती एका दुपारी सायकलवरून आली. पस्तिशीची बाई, हडकुळी, सायकलच्या मागे पान्यांची पिशवी. मुखियांसमोर गुडघे टेकून म्हणाली, "तुमच्या गावातल्या सहा बायका-पोरींना मी हापसा खोलायला आणि जोडायला शिकवते. जिल्ह्यातल्या आमच्या बायकांच्या गटाचं काम आहे. सामान आम्हीच आणू."

"आणि तुला काय मिळणार?" एनेलेसीने मध्येच विचारलं.

"तुमचा हापसा चालेल."

"तो तुझ्या तोंडात थोडंच पाणी घालणार आहे?"

लोक हसले. मलिताही हसली, पण उत्तर दिलं नाही. एनेलेसीने ते बरोबर लक्षात ठेवलं.

शिकायला पाच जणी पुढे आल्या. सहावी एनेलेसी. शिकायची हौस तिला अजिबात नव्हती. पिशवीतून काय निघतं आणि परत काय जातं, यावर नजर ठेवायला ती बसली. बाकीच्या पोरी हापशाच्या सळ्या ओढून वर काढताना किंचाळत, हसत. ही मात्र एका दगडावर बसून बोल्ट मोजायची. सगळ्यांत चटपटीत एलुबे होती. एनेलेसीच्या शेजारच्या घरातली, दोन वर्षांपूर्वी म्फिंगा वाडीतून लग्न होऊन आलेली. हापशाच्या पोटात पाणी वर ओढणारा एक रबरी वायसर असतो, तो झिजला की दांडा हलका होतो आणि पाणी चढत नाही, हे तिला एकदाच सांगावं लागलं.

"आजी, तुम्हीपण हात लावा की," एलुबे म्हणायची.

"माझे डोळे कामात आहेत," एनेलेसी म्हणायची.

पण डोळ्यांनी बघता बघता हातही शिकतात. आठवडाभरात नवा वायसर बसला, पाणी धो धो आलं. मलिताने पान्यांचा एक संच गावाला दिला. तो कुणाकडे ठेवायचा यावर वाद झालाच नाही. तो एनेलेसीच्या खाटेखाली, मक्याच्या टोपलीमागे गेला. जुने झिजलेले वायसर सरावाला म्हणून पोरींनी वाटून घेतले.

बारा दिवसांनी दांडा हलका पडला.

फोस्तिनो बातमी लागताच आला. बोलावलं नव्हतं तरी. कुंपणाबाहेर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "हापसा म्हणजे काय वरवंटा आहे, कुणीही उचलावा? बायकांनी हात घातला, आता भोगा."

मलिता पुन्हा आली, वायसर काढून बघितला आणि गोंधळली. "हा इतक्यात कसा झिजला?" तिने दुसरा दिला. तो बसवायच्या आधी, ती पाणी प्यायला गेली तेव्हा, एनेलेसीने बाभळीच्या काट्याने त्याच्या आतल्या बाजूला फुलीची बारीक खूण ओरखडली. दिरांच्या घरून आल्यापासून ती सगळ्यालाच खुणा करायची. मिठाच्या मडक्याला, सरपणाच्या मोळीला, वाळवलेल्या माशांच्या दोरीला.

दहा दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी तिने मलिताची वाट पाहिली नाही. दुपारच्या उन्हात तिने एलुबेकडून आणि आणखी एकीकडून सळ्या वर काढून घेतल्या. वायसर झिजून गुळगुळीत झाला होता. तिने तो उलटून पाहिला. फुली नव्हती.

म्हणजे कुणीतरी हापसा खोलून नवा काढला होता आणि जुना आत ठेवला होता.

"काय झालं, आजी?" एलुबेने विचारलं.

"काही नाही. झिजलाय," एनेलेसी म्हणाली, आणि वायसर चितेंजेच्या गाठीत बांधून टाकला.

दोन दिवस तिला घास गोड लागला नाही. हापसा खोलायला पाना लागतो. या भागात असे पाने तीन. एक तिच्या खाटेखाली, एक फोस्तिनोकडे, एक मलिताच्या सायकलवर. फोस्तिनो हल्ली गावात फिरकला तो फक्त टोमणे मारायला, आणि तो आला की कुत्र्यांनासुद्धा कळायचं. राहिली कोण? सारखी सारखी येणारी, काहीच न मागणारी. हापसा सारखा बिघडला तर हिला सारखं बोलावणं येणार, मग गटाच्या कागदावर लिहायला कामं होणार. एनेलेसीला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. इतकं स्वच्छ, की तिला जरा आनंदच झाला.

ती मुखियांकडे गेली आणि वायसर समोर ठेवून सगळं सांगितलं. मुखियांनी पुढच्या गुरुवारी गोरखचिंचेखाली सभा बोलावली. तोवर गोष्ट गावभर झाली. मधल्या दिवसांत मलिता एकदा आली, तर तिला कुणी बसायला चटई दिली नाही. एका पोराने सायकलची हवा सोडली. तिने पंपाने हवा भरली आणि निघून गेली.

मंगळवार बाजाराचा; त्या दुपारी हापसा बंद आणि निम्मं गाव बाजारात. एनेलेसी दर मंगळवारी वाळवलेली भोपळ्याची पानं विकायला जायची, आणि जाताना कोंबड्या मोजून एलुबेला सांगायची, "अकरा आहेत." एलुबे हसून म्हणायची, "अकराच राहतील, आजी."

त्या दिवशी बाजारात तिच्या शेजारी म्फिंगाची एक बाई गवार विकत होती. बोलता बोलता म्हणाली, "आता नदीवर जावं लागत नाही बाई. आमचा हापसा चालू झाला."

एनेलेसीने पानांच्या जुड्या नीट लावल्या. म्फिंगाचा हापसा वर्षभर बंद होता हे तिला माहीत होतं. तिथल्या बायका नदीवर जायच्या आणि त्या वळणावर मगरी होत्या. "कुणी केला चालू?"

"आमच्याच पोरीने. तुमच्याकडे दिलीय बघा, एलुबे. पहिल्यांदा घाईत वायसर उलटा बसवला तर फाटला. पण पोरगी चिकाटीची. गेल्या मंगळवारी दुसरा घेऊन आली."

एनेलेसी पानं अर्धी टाकून उठली. घरी आली. कोंबड्या अकरा होत्या. खाटेखाली पाना होता, पण टोपलीच्या उजवीकडे. ती तो नेहमी डावीकडे ठेवायची. आपण इतक्या मंगळवारी इकडे बघितलंच नाही, याचा तिला चोरीपेक्षा जास्त राग आला.

बुधवारी सकाळी ती पाना घेऊन म्फिंगाला गेली. मिचेरेहून तपासणीला आलेय, म्हणून सांगितलं. हापशावर एक चौदा-पंधरा वर्षांची मुलगी एका हाताने दांडा मारत होती. दुसरा हात कोपरापासून नव्हता.

"नदीवर?" एनेलेसीने विचारलं.

"हो. पावसाळ्याआधी. माहेरी आलेल्या ताईने मला मगरीकडून ओढलं म्हणून एवढी तरी वाचले." मुलगी पुढे म्हणाली, "एलुबे माझी ताई. तुम्ही तिच्या गावच्या ना?"

एनेलेसीने पाना हातात घेतला. तिने बोल्ट सोडवले. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतः हापसा खोलत होती. आठवडाभर दगडावर बसून पाहिलेलं हातांना सगळं ठाऊक होतं. मुलीने एका हाताने आणि छातीने सळी धरून ठेवली. वायसर वर आला. आतल्या बाजूला फुली होती.

तिने तो उजेडात धरून फुलीवरून बोट फिरवलं. मुलगी घाबरून म्हणाली, "बिघडलाय का?"

"नाही," एनेलेसी म्हणाली. "चांगला आहे." आणि तिने तो पुन्हा बसवला. सुलटा.

परतताना एलुबे तिला मक्याच्या शेतात खुरपताना दिसली. एनेलेसी बांधावरच उभी राहिली.

"म्फिंगाहून येतेय."

एलुबेचं खुरपं थांबलं. तिने मान वर केली नाही. "मी मलिताताईंना विचारलं होतं. म्हणाल्या, तुमच्या वाडीचं नाव पुढच्या यादीत आहे, तीन महिने थांब. मुखियांना विचारलं, ते म्हणाले दुसऱ्या मुखियाच्या भानगडीत आपण पडत नाही. तीन महिने बायका नदीवर जाणार, आजी."

"मला का नाही विचारलं?"

एलुबेने आता तिच्याकडे बघितलं. "तुम्ही दिला असता?"

एनेलेसीला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. "नसता दिला."

"उद्या सभेत सांगणार?"

"तू माझ्या खाटेखाली शिरलीस," एनेलेसी म्हणाली. "कोंबड्या सांभाळते म्हणून. दुसऱ्या कुणी नाही, तू." आणि ती घरी निघून गेली.

गुरुवारी सगळं गाव गोरखचिंचेखाली जमलं. फोस्तिनो स्वच्छ सदरा घालून पुढे बसला होता. मलिता एकटीच एका बाजूला, पिशवी मांडीवर घेऊन. एलुबे सासूच्या मागे. मुखिया म्हणाले, "माई, तुमची तक्रार तुम्हीच सांगा."

एनेलेसी उभी राहिली. लोकांसमोर बोलायची तिला भीती नव्हती. आपलंच बोलणं मागे घ्यायची मात्र सवय नव्हती.

"मी या बाईवर चोरीचा आळ घेतला. तो खोटा निघाला," ती म्हणाली. "वायसर चोरीला गेला होता, हे खरं. हिने नेला नाही. बायकांच्या हातानेही झिजला नाही. पोरींनी तो नीट बसवला होता."

गलका झाला. फोस्तिनो म्हणाला, "मग नेला कुणी? नाव सांग."

"नाव मला माहीत आहे. ते माझ्यापाशीच राहील."

"हे काय बोलणं झालं, माई?" मुखिया चिडले. "सभेत नाव सांगायचं असतं."

"मुखिया, चौदा शेळ्या नेल्या तेव्हा मी भर सभेत नावं सांगितली होती. सगळे माना हलवत होते. एक शेळी परत आली नाही." ती थांबली. "पाना माझ्या घरातून गेला, तेव्हा चूक माझी. राखणीवरून मला काढायचं तर काढा. पण हापसा या पोरीच बघतील. खात्री नसेल तर आत्ता चला, सगळ्यांसमोर खोलतो."

आणि खरंच सगळे गेले. पाचही जणींनी पुरुषांच्या गराड्यात हापसा खोलला, मलिताने आणलेला वायसर बसवला. एलुबेच्या हातून बोल्ट दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा एनेलेसीने उचलून दिला. पाणी आल्यावर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायका घागरी आणायला पळाल्या. मुखियांनी तिला राखणीवरून काढलं नाही, पण महिनाभर तिच्याशी धड बोलले नाहीत. कुणी नेला असेल, यावर गावात अजून तीन मतं आहेत.

मलिता सायकल हातात धरून निघाली तेव्हा एनेलेसी तिच्यासोबत कुंपणापर्यंत गेली.

"तुम्ही मला चोर ठरवलंत," मलिता म्हणाली. "आठवडाभर. बाकीच्या गावांनीपण ऐकलं. तिकडेही आता पिशवी तपासतात."

"त्या गावांना मी जाऊन सांगेन."

"सांगा."

एनेलेसी तरी हटली नाही. "पण अजून तू सांगितलं नाहीस, तुला यात काय मिळतं."

मलिताने सायकल थांबवली. "माझ्या सासरच्या गावीही एक हापसेवाला यायचा. कोंबडी नसलेल्या घरी तो दुसरं काही मागायचा. नवरा खाणीत कामाला, मी एकटी, घरात कोंबडी नव्हती. मी पाना धरायला शिकले."

एनेलेसीने कुंपणाचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

पुढच्या पंधरा दिवसांत ती चार गावं पायी फिरली आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं: आळ माझा होता, खोटा होता. हे सांगताना तिचा चेहरा इतका आंबट असायचा की लोकांना ते खरं वाटायचं. मलिताने म्फिंगाचं नाव यादीत वर आणलं, आणि तिथल्या दोघी शिकल्या. त्यातली एक ती एका हाताची. सळी छातीने दाबून धरायची तिची पद्धत आता बाकीच्या पोरीही वापरतात, कारण त्याने खरंच सोपं जातं.

एलुबे आज सात हापसे बघते. एनेलेसीने तिला कधी माफ केलं असं म्हटलं नाही. मंगळवारी कोंबड्या मात्र तिच्याकडेच असतात, आणि पाना एनेलेसी बाजारात सोबत नेते. भोपळ्याच्या पानांखाली, टोपलीत.

गेल्या वर्षी फोस्तिनो आला. आता त्याच्यासाठी कुठल्याच गावात कुणी कोंबडी कापत नाही. सोबत त्याची सोळा वर्षांची मुलगी होती. "हिलाही शिकवा," तो म्हणाला.

"का?" एनेलेसीने विचारलं.

"का म्हणजे? शिकेल, चार पैसे मिळवेल."

"तू पाठवलंस की ती स्वतः आली?"

"बाबांनी आणलं," मुलगी म्हणाली, "पण मी महिनाभर त्यांच्या मागे लागले होते."

एनेलेसीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग मुलीला म्हणाली, "तीन दिवस त्या दगडावर बस आणि बघ. चौथ्या दिवशी मी विचार करेन." आणि फोस्तिनोला पाणी देऊन तिने वाटेला लावलं.